घराण्यातून येणारे मज्जारोग व मूळपेशींचे शास्त्र

(समाजाच्या पोंभुर्णा येथील वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



यंदाच्या मेळाव्यात आम्ही काही बोलावे अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली आणि विषयाची निवड आमच्यावरच सोपविण्यात आली. शिक्षण, हुंडा, संघटन यांवर बोलणारे वक्ते आपल्या समाजात उदंड आहेत व ते आमच्यापेक्षा चांगले बोलतात. म्हणून आम्ही जरा निराळी वाट धरली. विषयाचे नाव ऐकताच एका स्नेह्यांनी विचारले, "गुरुजी, हा तर डॉक्टरांचा प्रांत. जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेल्या मास्तराने त्यात का शिरावे?" प्रश्न रास्त आहे. आम्ही वैद्य नव्हे, शास्त्रज्ञ तर नव्हेच. परंतु पुस्तकात जे कठीण असते ते फळ्यावर सोपे करून मांडण्याचे काम आम्ही जन्मभर केले. शिवाय रोग घराण्यातून चालत येतो आणि घराणी जातीच्या मांडवात जुळतात. मग त्याविषयी या मांडवात बोलू नये तर कोठे बोलावे?

आरंभ परिचयाच्या गोष्टीपासून करू. चंद्रपूर-गडचिरोली भागात सिकलसेल हा शब्द आता शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, सांधे ठणकतात, मूल फिके पडते. मेंदूच्या रक्तवाहिन्या अरुंद होऊन कित्येकदा लहान वयातच अर्धांगवायूचा झटका येतो. शुक्ला व सोळंकी या नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातील या दोषाविषयीचा निबंध १९५८ साली 'लॅन्सेट' या विलायती वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. आज चंद्रपुरात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे या रक्तदोषांसाठी केंद्र आहे आणि १ जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान चालू आहे. त्यामुळे या रोगाचा हिशेब आपल्याला पाठ झाला आहे: आई व वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक, एकच जण वाहक असेल तर रोग होत नाही. लग्नापूर्वी रक्त तपासावे असे सांगतात ते याचसाठी.

आता मज्जासंस्थेच्या, म्हणजे मेंदू व मज्जारज्जू यांच्या, काही रोगांचा हिशेब याहून कठोर असतो. तेथे आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच दोष आला तरी पुरे. प्रत्येक अपत्यास धोका निम्मानिम्म, नाणे उडविल्यासारखा. आणि यातील दुष्टपणा असा की हे रोग बहुधा तारुण्यात डोके वर काढीत नाहीत. माणसाचे लग्न होते, लेकरे होतात, लेकरे शाळेत जाऊ लागतात, आणि मग एके दिवशी चहाची कपबशी उचलताना त्याचा हात कापतो. तोवर पुढच्या पिढीचे नाणे उडून खाली पडलेलेही असते.

हात कापण्याच्या अशा एका रोगाची हकीकत आपल्या देशाशी विशेष निगडित आहे. डॉक्टर त्यास 'एससीए १२' असे आखूड नाव देतात. यात लहान मेंदू, म्हणजे शरीराचा तोल सांभाळणारा भाग, हळूहळू झिजतो. प्रथम हात कापतात, पुढे चाल डळमळते, बोलणे जड होते. १९९९ साली हा रोग जर्मन वंशाच्या एका अमेरिकन घराण्यात प्रथम ओळखला गेला. २००१ साली तो भारतात सापडला आणि त्यानंतर दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी व तेथीलच जनुकशास्त्राच्या सरकारी प्रयोगशाळेतील संशोधकांनी घराणी तपासली, तेव्हा बहुतेक रुग्ण मूळच्या हरियाणाकडील अगरवाल समाजाचे निघाले. २००५ सालच्या त्यांच्या निबंधावरून असे दिसते की हा दोष केव्हातरी एकाच मूळपुरुषापासून वा मूळस्त्रीपासून पसरला असावा.

हे सांगण्यात कोणा समाजाकडे बोट दाखविण्याचा आमचा हेतू यत्किंचितही नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. जो जो समाज शतकानुशतके बेटीव्यवहार आपल्याच कुंपणात ठेवतो, त्या त्या समाजाच्या पदरी असे एखादे गाठोडे येतेच. कोणाचे उघडले गेले आहे, कोणाचे अजून बांधलेलेच आहे. उलट ज्या अगरवाल कुटुंबांनी पुढे येऊन रक्त दिले व आपल्या घरची दुखणी सांगितली, त्यांच्यामुळेच हा रोग आज ओळखता येतो. आमच्या मते हा त्यांचा मोठेपणा होय.

दोष कसा असतो तेही थोडक्यात सांगतो. प्रत्येक पेशीत आपल्या शरीराची पोथी असते. ती तीन-तीन अक्षरांच्या शब्दांत लिहिलेली आहे असे समजा. पोथीची नक्कल करणारा लेखनिक एखाद्या ठिकाणी अडखळतो आणि तोच शब्द पुनःपुन्हा लिहीत सुटतो, तसे येथे झालेले असते. या रोगाच्या जागी निरोगी माणसात तो शब्द बहुधा तीस वेळांच्या आत येतो. पूर्ण लक्षणे असलेल्या रुग्णांत तो पन्नासाच्या पुढे गेलेला आढळतो. चूक एवढीच. पण एवढ्या चुकीने नेमक्या लहान मेंदूच्या पेशी का मराव्यात, आणि त्या चाळिशीपर्यंत ठीक का राहाव्यात, हे कोडे आहे.

हे कोडे सुटण्यात मोठी अडचण जागेची. यकृताचा तुकडा काढता येतो, रक्त बाटलीत घेता येते, पण जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा अभ्यासासाठी कोण काढू देईल? मृत्यूनंतर मेंदू पाहिला तर तो जळून गेलेल्या घरासारखा. राखेवरून ठिणगी कोठे पडली ते कळत नाही. उंदरात रोग उत्पन्न करून पाहतात, परंतु उंदराचा मेंदू तो उंदराचा. म्हणून पुष्कळ काळ मज्जारोगांचा अभ्यास बाहेरूनच करावा लागे.

येथे मूळपेशींची कथा सुरू होते, आणि ती सांगताना आमच्यातला मास्तर थोडा रेंगाळणार आहे, त्याची क्षमा असावी. धानाचे बी पेरून पऱ्हे होतात, पऱ्ह्याची रोवणी होते, लोंबी येते. रोवलेला पऱ्हा पुन्हा बी होऊन जमिनीत शिरत नाही. शरीराच्या पेशींचेही तसेच असते असे शास्त्रज्ञ मानीत. गर्भातील आरंभीची पेशी काहीही होऊ शकते: हाड, कातडी, मेंदू. तिला मूळपेशी म्हणावे. पण एकदा ती कातडीची झाली की कातडीचीच राहणार. पोथी सर्व पेशींत तीच असते, परंतु प्रत्येक पेशी आपापला अध्याय तेवढा उघडा ठेवते व बाकीची पाने मिटून घेते.

या समजुतीला पहिला धक्का जॉन गर्डन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९६२ साली दिला. बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक घेऊन ते त्याने, स्वतःचे केंद्रक निकामी केलेल्या, अंड्यात घातले व त्यातून नवे बेडूक निपजले. म्हणजे मिटलेली पाने फाटलेली नव्हती. या गर्डनविषयी एक गोष्ट शिक्षकांनी ऐकण्याजोगी आहे. शाळेत जीवशास्त्रात तो अडीचशे मुलांत शेवटचा आला होता आणि हा मुलगा शास्त्रज्ञ होऊ पाहतो हे हास्यास्पद आहे, अशा अर्थाचा शेरा त्याच्या मास्तरांनी प्रगतिपुस्तकात मारला होता. गर्डनने तो कागद चौकटीत बसवून जन्मभर जवळ बाळगला. २०२५ च्या ऑक्टोबरात तो वारला. प्रगतिपुस्तकावर शेरे लिहिण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना ही गोष्ट चांगलीच झोंबते.

गर्डनच्या प्रयोगाला अंडे लागत होते. अंडे किंवा गर्भ काहीच न वापरता जाणत्या पेशीला पुन्हा मूळपेशी करण्याची युक्ती जपानातील क्योटो येथे शिन्या यामानाका याने काढली. हा मूळचा हाडांचा शल्यवैद्य. शस्त्रक्रियेत हात बसेना म्हणून संशोधनाकडे वळलेला. त्याने चोवीस जनुके निवडली, ती गाळीत गाळीत चारांवर आणली आणि ती चार कातडीच्या पेशीत घालताच पेशीने पोथीचे पहिले पान पुन्हा उघडले. उंदरावर हे २००६ साली साधले, माणसाच्या पेशीवर २००७ साली. २०१२ चे नोबेल पारितोषिक गर्डन व यामानाका यांना वाटून मिळाले.

आता याचा मज्जारोगाशी संबंध पाहा. रुग्णाच्या दंडावरील कातडीचा कण अथवा थोडेसे रक्त घ्यावयाचे. त्यातील पेशींना मूळपेशी करावयाचे. मग ठरावीक द्रव्ये ठरावीक क्रमाने देऊन, कित्येक आठवडे सांभाळून, त्यांना चेतापेशी होण्याच्या मार्गाला लावावयाचे. शेवटी काचेच्या बशीत ज्या चेतापेशी तयार होतात त्यांत त्या रुग्णाचीच पोथी, त्याच्याच चुकीसह, असते. मेंदूला हात न लावता त्याच्या मेंदूतील पेशींच्या बहिणी समोर येतात. राखेऐवजी ठिणगी पाहावयास मिळते ती अशी.

२००८ साली अमेरिकेत स्नायूंचा ताबा सुटत जाणाऱ्या एका असाध्य मज्जारोगाच्या ब्याऐंशी वर्षांच्या रुग्ण स्त्रीच्या कातडीपासून अशा पेशी करण्यात आल्या. आम्हांस त्याहून मोलाचा वाटतो तो २००९ सालचा विस्कॉन्सिन येथील प्रयोग. मज्जारज्जूतील चेतापेशी मरून ज्यात तान्ही मुले लुळी पडतात, त्या 'एसएमए' रोगाचे एक मूल आणि त्याची निरोगी आई, अशा दोघांच्या कातडीपासून मूळपेशी करण्यात आल्या व पुढे चेतापेशी. आरंभी दोघांच्याही बशीत त्या सारख्याच उगवल्या. काही आठवडे लोटल्यावर मुलाच्या बशीतील स्नायू हलविणाऱ्या पेशी कमी होऊ लागल्या, आईच्या टिकल्या. पेशी उपजतच नाहीत असे नसून, उपजून मग मरतात, हे या प्रयोगाने डोळ्यांसमोर आणले. उपजून मरणाऱ्यास वाचविण्याला वेळ असतो, हा त्याचा अर्थ. पुढे या रोगावर औषधे निघाली. त्यांपैकी रिस्डिप्लाम हे तोंडाने घ्यावयाचे औषध अमेरिकेत २०२० साली मंजूर झाले आणि त्याच्या शोधात रुग्णांच्या पेशींवरील प्रयोगांचाही वाटा होता. आपल्या देशात त्याच्या एका बाटलीची किंमत सहा लाखांच्या वर होती. न्यायालयात वाद होऊन ऑक्टोबर २०२५ मध्ये देशी कंपनीचे तेच औषध सुमारे सोळा हजारांना एक बाटली याप्रमाणे बाजारात आले. शेतमजुराला तेही परवडणारे नाही. पण सहा लाख आणि सोळा हजार यांतले अंतर आपण सर्व जाणतो.

पुन्हा 'एससीए १२' कडे वळू. २०१८ साली दिल्लीच्या त्याच सरकारी प्रयोगशाळेने बंगळुरूच्या मूळपेशी संस्थेच्या साहाय्याने या रोगाच्या तीन रुग्णांच्या रक्तपेशींपासून मूळपेशी तयार केल्याचे प्रसिद्ध केले. बंगळुरूसच निमहान्स हे मनोविकारांचे मोठे रुग्णालय व तेथील जीवशास्त्राच्या संस्था मिळून, ज्या घरांत एकाहून अधिक माणसांना तीव्र मनोविकार आहे अशा घरांतील व्यक्तींच्या मूळपेशींचा संग्रह करीत आहेत. हे काम विलायतेने आपल्यासाठी करावे अशी अपेक्षा ठेवता येत नाही. जो रोग मुख्यतः हिंदुस्थानातील काही घराण्यांत आहे, त्याच्यासाठी परदेशी औषधकंपनी तिजोरी का उघडील? आपल्या लोकांच्या पेशी आपल्या प्रयोगशाळेत नसतील तर तो रोग कोणाच्याच टेबलावर नसेल.

तथापि या शास्त्राच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर आम्ही जाहिरात केली असे होईल. बशीतील पेशी म्हणजे मेंदू नव्हे. रुग्ण साठ वर्षांचा असला तरी त्याच्या पेशी मूळपेशी होताना वय विसरतात, आणि चाळिशीनंतर येणारा रोग त्या बाळपेशींत दिसण्यास अडचण पडते. तीन रुग्णांवरून सर्व रुग्णांविषयी बोलता येत नाही. एक नवे साधन मात्र हाती आले आहे. २०१२ सालापासून जनुकातील चूक कातरून दुरुस्त करण्याची पद्धत निघाली (तिच्याबद्दल दोन विदुषींना २०२० चे नोबेल मिळाले). तिच्या साहाय्याने एकाच रुग्णाच्या दोन बशा करता येतात, एक चुकीसह व एक चूक सुधारून. दोहोंत दुसरा काहीच फरक नसल्यामुळे, जे बिघडते ते त्या चुकीमुळेच हे ठरविता येते. परंतु 'एससीए १२' बरा करणारे औषध अजून नाही. हात कापण्याची तीव्रता कमी करण्याचे उपाय आहेत, तेवढेच.

आता ज्यासाठी आम्ही आपला इतका वेळ घेतला त्या गोष्टीकडे येतो. मूळपेशींचा अभ्यास आणि मूळपेशींचा उपचार या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत, आणि नावाचा सारखेपणा साधून लोकांना फसविण्याचा धंदा आपल्या राज्यातही चालतो. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाने मुलाच्या मज्जारोगासाठी एका मोठ्या शहरातील दवाखान्यात 'स्टेम सेल'ची इंजेक्शने घेतली. त्यापायी धानाच्या दोन एकर बांध्या गेल्या. मुलाची चाल होती तशीच राहिली, आणि पुढच्या वर्षी बाप दुसऱ्याच्या शेतात रोवणीला जाऊ लागला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ साली मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आहेत. त्यांनुसार मुख्यतः रक्ताच्या रोगांवरील अस्थिमज्जेचे वगैरे रोपण सोडता मूळपेशींचा वापर केवळ मंजूर झालेल्या चाचणीतच करता येतो, आणि अशा चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यावयाचे नसतात. तेव्हा मेंदूच्या रोगासाठी मूळपेशींचे बिल कोणी हातात ठेवले, तर त्या बिलावरूनच काय ते ओळखावे.

याच्या उलट अभ्यासासाठी कोणी रक्त मागितले तर ते द्यावे काय? आमचे उत्तर आहे: द्यावे, पण विचारून द्यावे. १९५१ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे हेन्रिएटा लॅक्स नावाच्या गरीब काळ्या स्त्रीच्या गाठीतील पेशी तिला न विचारता घेण्यात आल्या. त्या पेशी आजतागायत जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. तिच्या मुलाबाळांना याचा पत्ता वीस-बावीस वर्षांनी लागला आणि एका कंपनीशी तडजोड होण्यास २०२३ साल उजाडावे लागले. मूळपेशीही अशाच दीर्घायुषी असतात. देणारा मरतो, त्या जगतात. म्हणून कागद मराठीत आहे काय, त्यात काय लिहिले आहे, पेशी कोठे राहणार, नाव गुप्त राहणार काय, मन बदलले तर माघार घेता येते काय, हे विचारण्याचा आपला हक्क आहे. तो बजावताना संकोच करू नये.

आपल्या शेजारची गोष्टही येथे आठवते. डॉ. अभय व डॉ. राणी बंग १९८६ साली गडचिरोलीत कामास आले, तेव्हा त्यांनी आदिवासींमधील सिकलसेलचा अभ्यास केला. शास्त्राच्या दृष्टीने तो उत्तम होता. परंतु ज्यांचे रक्त तपासले त्या लोकांना तो प्रश्न आपला वाटत नव्हता, हे पुढे डॉ. बंग यांनीच मोकळेपणाने सांगितले आणि त्यानंतर लोकांना विचारून संशोधनाचे विषय घेण्याचा प्रघात त्यांनी पाडला. मोठ्या माणसाला हे कळते आणि तो ते सांगतो, ही गोष्ट आम्हांस त्या अभ्यासाइतकीच महत्त्वाची वाटते.

राहता राहिला आपल्या घरचा प्रश्न. याच स्मरणिकेच्या अखेरच्या पानांवर वधूवरसूची असते. तीत उंची, शिक्षण, रास, गण, नाडी हे सर्व असते. काही तरुण कार्यकर्त्यांनी सुचविले की तीत सिकलसेलचा रकाना घालावा व घराण्यातील इतर रोगही छापावे. त्यांच्या तळमळीबद्दल आम्हांस आदर आहे, तरी या सूचनेस आमचा विरोध आहे. सिकलसेलची तपासणी प्रत्येकाने करावी आणि बोलणी पुढे जाण्यापूर्वी दोन्ही घरांनी एकमेकांस ती दाखवावी. परंतु छापील रकान्यात एकदा नाव गेले की वाहक मुलगी रोगी ठरते, तिच्या बहिणीही ठरतात, आणि मग लोक तपासणीलाच जात नाहीत. ज्या मज्जारोगावर औषध नाही त्याचे तर बोलणेच नको. वडिलांचे हात कापतात म्हणून वीस वर्षांच्या मुलास बळजबरीने तपासावयास नेणे हा अन्याय होय. पुढे काय वाढून ठेवले आहे ते जाणण्याचा त्यास हक्क आहे, तसाच न जाणण्याचाही. त्याने समुपदेशकाशी बोलावे व स्वतः ठरवावे.

छापू नये म्हणजे लपवावे असे मात्र नव्हे. आपल्याकडे चाल डळमळली की गाव त्याला दारुड्या म्हणते, आणि घरचे लोक गावाला तसे म्हणू देतात, कारण दारूचा डाग एका माणसापुरता असतो आणि रोगाचा डाग सगळ्या घराला लागेल अशी भीती असते. कधी थेंबही न घेतलेले गृहस्थ हा कलंक घेऊन वारलेले आम्ही पाहिले आहेत. ते गेले आणि त्यांच्या दुखण्याचे नावही त्यांच्यासोबत गेले. आज त्यांच्या नातवाचा हात कापू लागला तर डॉक्टरला सांगावयास घरात काही नाही.

म्हणून एक लहानसे काम सुचवितो. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी भाटांकडून उतरून घेतलेल्या वंशावळी आहेत. त्यांत नुसती नावे आहेत, तीही पुरुषांची. त्या वंशावळीत लेकी व सुना घालाव्या आणि प्रत्येक नावापुढे मृत्यूचे वय, दुखणे काय होते, ते कोणत्या वयात सुरू झाले, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवावे. विशेषेकरून आजीला विचारावे; घरातील दुखणी तिनेच काढलेली असतात. ही वही समाजाच्या कचेरीत द्यावयाची नाही व कोणास दाखवावयाची नाही. ती घरातच राहावी आणि डॉक्टरकडे जाताना सोबत न्यावी. वहीचा एक नमुना आम्ही आखून आणला आहे. पन्नास प्रती मंडपाच्या दारापाशी टेबलावर ठेवल्या आहेत. ज्यांना हव्या असतील त्यांनी जाताना घ्याव्या, आणि रकाने कसे भरावे हे कळले नाही तर उद्या सकाळी दहापर्यंत आम्ही येथेच आहोत.